कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूचा खटला



गेल्या महिन्यात या सदराकडे एका आईचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, असे तिने वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, म्हणून छापत नाही. ती चार घरची धुणीभांडी करते, नवरा सफाई खात्यात आहे. मुलगा कबड्डी चांगली खेळतो. त्या जोरावर एका कॉलेजने त्याला फी माफ करून पदवीच्या पहिल्या वर्षाला घेतले. ज्या सरांच्या भरवशावर तो तिथे गेला ते सर वर्षभरात दुसऱ्या कॉलेजला गेले. आता मुलगाही म्हणतो, मी जातो. ऑफिसात विचारायला गेला तर उत्तर मिळाले, "तुझ्या मूळ गुणपत्रिका आमच्याकडे आहेत. तिन्ही वर्षांची फी भर आणि घेऊन जा." ताई विचारतात, "खेळणाऱ्या मुलाला कॉलेज बदलायचा हक्कच नसतो काय? मुलगा म्हणतो, अमेरिकेत अशी मुलं कोर्टात गेली आणि जिंकली. हे खरं का खोटं, तेवढं सांगा."

ताई, मुलाने सांगितले ते खरे आहे. पण गोष्ट लांबलचक आहे आणि अजून चालूच आहे. आधी ती सांगतो, मग तुमच्या कागदांकडे येतो.

आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे मैदानाच्या कडेला उभी चार पोरे आणि एक सर. तिकडे तसे नाही. तिथल्या मोठ्या विद्यापीठांची फुटबॉलची मैदाने लाख लाख माणसे बसतील एवढी आहेत. (त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ, आपला नव्हे.) दूरदर्शनवरून सामने दाखवण्याचे हक्क कोट्यवधी डॉलरना विकले जातात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वांत जास्त पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठातला फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. आणि या दोन मोठ्या खेळांत मैदानावर घाम गाळणाऱ्यांत काळ्या मुलांचा भरणा मोठा आहे. त्यांना २०२१ पर्यंत काय मिळत होते? फी, राहणे, जेवण, पुस्तके. खेळाचा मोबदला म्हणून एक पैसा घेतला तर गुन्हा.

हे नियम करणारी संघटना १९०६ साली स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एनसीएए म्हणतात. सुमारे अकराशे कॉलेजे आणि पाच लाखांवर खेळाडू तिच्या छत्राखाली आहेत. या मुलांना तिने एक गोंडस नाव दिले, 'विद्यार्थी-खेळाडू'. या नावाचा जन्म कसा झाला हे आपल्या कामगार वाचकांनी मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातल्या एका लहान कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा केला. तो कॉलेजचा कामगार ठरला असता तर देशातल्या प्रत्येक कॉलेजला भरपाई भरावी लागली असती. १९५७ साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. संघटनेचे १९५१ ते १९८८ एवढा काळ प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ साली पुस्तक लिहून सांगितले की, खेळाडूला कोणी कामगार म्हणू नये, म्हणून हा शब्द आपण तयार केला आणि रुजवला. त्याच पुस्तकात त्यांनी या सगळ्या कारभाराची तुलना गुलाम राबवणाऱ्या मळ्यांच्या मनोवृत्तीशी केली. निवृत्तीनंतर शहाणपण येते, ते आले. पण मोलकऱ्याला मोलकरी न म्हणता गोड नावाने हाक मारली की मोल बुडवता येते, हे आपल्या वाडवडिलांना पुस्तक न वाचता ठाऊक होते.

आता मूळ प्रश्न, कॉलेज सोडण्याचा. जुना नियम असा होता की, खेळाडू एक कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात गेला तर त्याने पहिले वर्ष खेळायचे नाही, बाकावर बसायचे. पुढे बऱ्याच खेळांत एकदा सवलत मिळू लागली. पण ज्या खेळांत पैसा होता, त्या फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या पोरांना ती नव्हती. (बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकीही त्यातच.) शिवाय जुन्या कॉलेजची परवानगी लागे. ती न घेता नव्या कॉलेजने मुलाशी बोलायचे सुद्धा नाही. परवानगी नाकारली तर नव्या ठिकाणी शिष्यवृत्ती बंद. कोणकोणत्या कॉलेजात जायचे नाही याची यादी प्रशिक्षक मुलाच्या हातात देत. २०१८ च्या ऑक्टोबरात परवानगीची अट गेली. मुलाने लेखी कळवले की कॉलेजने दोन दिवसांत त्याचे नाव संगणकावरच्या एका यादीत घालायचे, असे ठरले. या यादीला पोर्टल म्हणतात. बाकावर बसण्याची अट मात्र राहिलीच.

कारण काय देत? मुलाच्या अभ्यासाची काळजी! नव्या जागी त्याचे मन रमावे, पदवी बुडू नये, म्हणून म्हणे वर्षभर खेळ बंद. हे ऐकायला बरे वाटते. पण १९७३ पासून जवळजवळ चाळीस वर्षे याच संघटनेचा दुसरा नियम असा होता की, खेळाची शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची द्यायची. म्हणजे मुलगा जायबंदी झाला, प्रशिक्षकाच्या मनातून उतरला, तर कॉलेजने वर्षअखेर त्याला मोकळे करावे, तेव्हा पदवीची काळजी कोणाला नव्हती. तो आपणहून निघाला की मात्र काळजी जागी होई. आणि प्रशिक्षकाचे काय? तो आज या कॉलेजात, उद्या दुप्पट पगारावर त्या कॉलेजात, आणि परवा सामन्याला मैदानाच्या कडेला हजर. त्याला बाकावर कोणी बसवत नाही. नियम चांगला की वाईट हे समजत नसेल तर तो कोणाकोणाला लागू आहे तेवढे पाहावे, निम्मे उत्तर तिथेच मिळते.

मुले कोर्टात गेली नाहीत असे नाही. गेली आणि हरली. २००१ साली कॅलिफोर्नियातली मुलींच्या सॉकरची एक खेळाडू हरली. ती एका विद्यापीठातून त्याच शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठात गेली होती आणि तिला खेळण्याचा काळ गमवावा लागला होता. २०१८ साली डेपी नावाचा मुलगा हरला. हा उत्तर इलिनॉय विद्यापीठात चेंडू लांब लाथाडण्याचे काम करी. घरच्या पैशाने भरती झालेला. एका प्रशिक्षकाने त्याला सांगितले, पुढच्या जानेवारीपासून तुला शिष्यवृत्ती. पण तो प्रशिक्षक निघून गेला आणि वरच्याने सांगितले, शिष्यवृत्ती मिळणार नाही. आयोवा विद्यापीठ त्याला घ्यायला तयार झाले, पण लगेच खेळता येत असेल तरच. संघटनेने नाही म्हटले आणि आयोवाने दुसरा मुलगा घेतला. शिष्यवृत्तीही गेली आणि संघही. अपील न्यायालयाने निकाल दिला की, कोणी खेळावे आणि कोणी नाही हे ठरवणारा हा नियम आहे, असे नियम खेळाचे स्वरूप टिकवतात, म्हणून त्यात ढवळाढवळ नको. ताई, तुमच्या मुलाची आणि या मुलाची कहाणी किती सारखी आहे पाहा. शब्द देणारा सर निघून जातो आणि शब्द कागदावर नसतो.

हे खटले ज्या कायद्याखाली चालतात तो १८९० चा आहे, शेरमन कायदा. मक्तेदारीविरुद्धचा. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांना तो एका वाक्यात समजेल. नाक्यावरचे सगळे मुकादम एकत्र बसले आणि ठरवले की, एका मुकादमाला सोडून आलेला मजूर दुसऱ्याने वर्षभर कामावर घ्यायचा नाही, तर मजुराच्या हातात काय उरले? एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी माणूस बांधून ठेवण्यासाठी असा एकोपा करणे या कायद्याला मंजूर नाही. संघटना म्हणे, आम्ही मुकादम नाही, आम्ही शिक्षणसंस्था. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात हे कवच फोडले. तो खटला शिक्षणासाठीच्या जादा मदतीवर घातलेल्या मर्यादेचा होता. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका बाजूला. कॉलेजांचे खेळ म्हणून कायद्यातून सूट नाही, हा त्याचा अर्थ. त्याच वर्षी संघटनेने सर्व खेळांतल्या खेळाडूंना एकदा, फक्त एकदाच, न बसता कॉलेज बदलण्याची मुभा दिली. दुसऱ्यांदा बदलाल तर पुन्हा बाक, किंवा मग अर्ज करा आणि कारण पटवा.

इथे येतो रेक्वान बॅटल. हा बास्केटबॉल खेळणारा मुलगा वॉशिंग्टन राज्यातल्या ट्युलालिप या आदिवासी जमातीचा, राखीव भूमीवर वाढलेला. दोन हंगाम तो वॉशिंग्टन विद्यापीठात होता. मग मोंटाना स्टेटला गेला, तिथे दोन हंगाम खेळला. २०२३ साली मोंटानाचे प्रशिक्षक डॅनी स्प्रिंकल हे युटा स्टेटला निघून गेले. बॅटलने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ निवडले. ही दुसरी बदली. त्याने आपल्या मानसिक आरोग्याचे कारण सांगून अर्ज केला. संघटनेने नाकारला. वरचे अपीलही नाकारले. हंगाम सुरू झाला तरी हा बाकावर. स्प्रिंकल साहेब युटात त्याच हंगामात संघ घेऊन उतरले, आणि वर्षभरात आणखी एक उडी मारून २०२४ साली वॉशिंग्टन विद्यापीठात गेले, जिथून बॅटल निघाला होता तिथेच! त्यांच्यावर माझा राग नाही, माणसाने प्रगती करावी. पण एकाच नावेतल्या दोघांपैकी एकालाच दोर बांधलेला होता, हे दिसते की नाही?

डिसेंबर २०२३ मध्ये ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, न्यूयॉर्क धरून सात राज्यांच्या सरकारी वकिलांनी संघटनेवर दावा लावला. १३ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग गावी संघराज्याच्या न्यायालयात सुनावणी झाली. बॅटल स्वतः साक्षीला उभा राहिला. न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी त्याच दिवशी चौदा दिवसांची मनाई दिली. खेळाडूच्या हाती मोजके हंगाम असतात, गेलेला हंगाम नंतर पैसे मोजून भरून देता येत नाही, हा यातला मुख्य मुद्दा.

आता या आदेशातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती सांगतो, कारण वर्तमानपत्रांत ती दोन ओळींत संपवतात. संघटनेच्या पोतडीत आणखी एक नियम होता. कोर्टाच्या हुकमाने एखादा मुलगा खेळला आणि पुढे वरच्या कोर्टाने तो हुकूम फिरवला, तर तो ज्या सामन्यांत खेळला ते विजय पुसून टाकायचे, कॉलेजला दंड करायचा. म्हणजे कोर्टात एकटा मुलगा गेला तरी शिक्षा सगळ्या संघाला. मग हुकूम हातात असूनही कोणते कॉलेज त्याला उतरवण्याची हिंमत करील? आपल्या गावगाड्यात असेच होई. एकाने फिर्याद केली की सगळ्या वस्तीचे पाणी बंद, सगळ्यांचे काम बंद, मग घरचेच म्हणत, बाबा मिटव. फिर्याद करण्याचा हक्क कागदावर शाबूत, करणारा मात्र एकटा. न्यायाधीश बेली यांनी या नियमालाही मनाई केली. तरीही संघटनेने कॉलेजांना कळवलेच की, आदेश फिरला तर या मुलांचा एक हंगाम खर्ची पडलेला धरू. दोन दिवस गोंधळ उडाला. शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून विनंती केली आणि मनाई वसंतातले सगळे खेळ संपेपर्यंत वाढली. बॅटल खेळला.

जानेवारी २०२४ मध्ये संघराज्याचे न्याय खाते आणि आणखी काही राज्ये वादी म्हणून सामील झाली. संघटनेचे अवसान गळाले. एप्रिलमध्ये तिने नियम बदलला. अभ्यासात उत्तीर्ण असेल तर खेळाडूने कितीही वेळा कॉलेज बदलावे, बाकावर बसणे बंद. मे महिन्याच्या अखेरीस तडजोडीचा हुकूमनामा झाला. जुन्या नियमामुळे २०१९-२० पासून ज्यांचे वर्ष वाया गेले होते त्यांना ते वर्ष परत देण्याचेही त्यात कबूल केले. डेपीसारखे त्याआधीचे सगळे राहिले ते राहिलेच.

इथे बातम्या लिहिणारे थांबतात. मी थोडा पुढे जातो, कारण ताईंच्या मुलाने पुढचा भाग ऐकलेला दिसत नाही.

संगणकाच्या यादीत नाव घातले म्हणजे पुढची जागा ठरली असे नाही. नाव घातल्यावर जुने कॉलेज शिष्यवृत्ती थांबवू शकते, आणि नवे कोणी बोलावलेच नाही तर मुलगा ना इकडचा ना तिकडचा राहतो. तीन कॉलेजे फिरलेल्याचे सगळे विषय नव्या जागी धरले जात नाहीत, पदवी लांबते. अभ्यासाची काळजी हे संघटनेचे नुसते ढोंग होते असे मी म्हणणार नाही, त्यात तथ्याचा अंश होता. बळजबरी मात्र त्यांनी फक्त मुलावर केली.

आणि दुसरे, पैसा आला. एका मोठ्या खटल्याच्या तडजोडीनंतर १ जुलै २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत मर्यादा. चांगलेच झाले, घाम गाळणाऱ्याच्या हातात काही पडू लागले. पण पैसा आला तसा करारही आला. जो दोर नियमपुस्तकातून कापला गेला तो आता मुलाच्या स्वतःच्या सहीने बांधला जातो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका फुटबॉल खेळाडूने पहिल्या वर्षानंतर यादीत नाव घाला म्हटले. कॉलेज म्हणाले, तू आमच्याशी पैशाचा करार केला आहेस, घालणार नाही. मुलगा यादीची वाट न पाहता नाव काढून मायामी विद्यापीठात दाखल झाला. जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिनने मायामीवर दावा ठोकला की, तुम्ही आमचा करार मोडायला लावला. त्याच वर्षी जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने मिझुरीला गेलेल्या आपल्या एका जुन्या खेळाडूकडे करार मोडल्याबद्दल ३ लाख ९० हजार डॉलर मागितले. त्या मुलानेही उलट दावा केला. पूर्वी मुले संघटनेवर फिर्याद करीत, आता कॉलेजे एकमेकांवर आणि मुलांवर करतात. कागदावर सही करताना त्या मुलांच्या शेजारी कोण बसले होते, हा मला पडणारा प्रश्न. मोठ्या खेळाडूंना दलाल आणि वकील असतात. बाकीच्यांना आई असते.

शिष्यवृत्तीच्या कराराची गोष्ट आपल्या घरातलीच आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड. जाण्यापूर्वी जून महिन्यात त्यांनी करार करून दिला की, शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन. १९१७ साली शब्द पाळायला ते बडोद्याला गेले. राहायला जागा कोणी देईना, पारशांच्या धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, थोड्याच दिवसांत डोळ्यांत पाणी घेऊन परत यावे लागले. दहा वर्षे नोकरीची अट त्यांच्यावर होती, पण त्या नोकराला शहरात छप्पर मिळवून देण्याची जबाबदारी कोणी घेतली नव्हती. सयाजीरावांचे उपकार आपण मानतोच. पण कागदात एका बाजूचे कर्तव्य लिहिलेले असते आणि दुसऱ्या बाजूचे राहून जाते, ते असे.

आता ताई, तुमच्या कागदांकडे येतो. अमेरिकेचा निकाल इथे चालत नाही. पण त्याची गरजही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली आहे. पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी कॉलेजने मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला असले कागद स्वतःकडे ठेवायचे नाहीत. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद पाहायचे, ताडून घ्यायचे आणि तिथेच परत करायचे. फायलीला विद्यार्थ्याने स्वतः सही केलेल्या झेरॉक्स प्रती पुरतात. फीचा वाद असला तरी कागद ओलीस ठेवता येत नाहीत. फी परत मिळणे, न मिळणे हा वेगळा हिशोब.

तेव्हा मुलाने तोंडी विनवण्या बंद कराव्यात. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहावा, त्यात या अधिसूचनेचा उल्लेख करावा, दोन प्रती कराव्यात, ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. दाद लागली नाही तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, मग विद्यापीठाकडे जाता येते. भांडायला एकटा पाठवू नका, सोबत कोणी वडीलधारे असू द्या.

नव्या कॉलेजचे सर जे काही कबूल करतात, फी माफी, वसतिगृह, खुराक, ते आधी कॉलेजच्या कागदावर लेखी घ्या आणि मगच जुने सोडा. आणि एक राहिले. तीन वर्षांच्या फीची गोष्ट ऑफिसने कशाच्या आधारावर काढली? प्रवेशाच्या दिवशी फी माफीच्या कोणत्यातरी फॉर्मवर तुमची किंवा मुलाची सही घेतलेली असणार. त्याची प्रत मागून घ्या आणि झेरॉक्स या सदराच्या पत्त्यावर पाठवा. त्यात काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय फीबद्दल मी काही सांगणार नाही.